मान वर केल्याची साक्ष

वेस्ट मांबलम, चेन्नई
२७ मार्च २००७

प्रिय पद्मनाभ,

वर 'प्रिय' लिहिलंय ते आता खोडत नाही. कागदावरचा पहिलाच शब्द खोडू नये असं माझी आई म्हणायची, तेवढ्यापुरतं ते राहू दे. बाकी हे पत्र मी रागानं लिहिते आहे. राग शांत झाल्यावर लिही, असं आमचे हे सकाळपासून सांगताहेत, पण माझा राग शांत होण्यातला नाही आणि मला तो करायचाही नाही. अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. मी अलकनंदा, तळमजल्यावरची, तुझी अलका अक्का. तुला देवनागरी वाचायला मीच शिकवलं होतं, तेव्हा वाचता येत नाही अशी सबब सांगू नकोस. माझ्या तोंडून तू शेवटचं काही ऐकलंस ते कोर्टात, आणि तिथं मला 'हो' एवढंच म्हणायची मुभा होती. आज मी बोलणार आहे आणि तू मध्ये बोलू शकत नाहीस, हे किती बरं आहे.

तुझ्या शनिवारच्या वर्गात एक मुलगी येते. पुढेच बसते, इंग्रजीत प्रश्न विचारते, मैत्रिणींशी तमिळमध्ये खिदळते. हजेरीत तिचं नाव डी. ऊर्मी. ह्या गावात आडनाव गिळून टाकून बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढं लावायची पद्धत आहे, त्यामुळं तुला काही कळलं नसणार. ते डी म्हणजे दिनानाथ. ऊर्मी आमची मुलगी. तुझ्या खांद्यावर बसून पानगल पार्कात गेलेली आणि तुझ्या पांढऱ्या शर्टावर आइसफ्रूट सांडलेली. आता वकील झाली आहे, आणि येत्या सोमवारपासून तुझ्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसात ज्युनियर म्हणून येणार आहे. तिला पद्दूमामा अंधुक आठवतो. एन. पी. आर. सर म्हणजे तोच, हे तिला माहीत नाही. मलाही शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. दोन महिने घरात उठता बसता एन. पी. आर. सरांचं कौतुक चालू आहे आणि मी मेली ते मान डोलावत ऐकते आहे. कुणा भल्या माणसाच्या हाताखाली पोरगी पडते आहे, म्हणून मी देवापुढं साखरसुद्धा ठेवली.

शनिवारी संध्याकाळी ती तुझ्या वर्गातून आली ती दारातूनच मला हाका मारत. मी कैऱ्या किसत होते. चैत्र आहे, रोज कुणी ना कुणी येतं, डाळ करावी लागते. घरी सराव करून या, असं तू सगळ्यांना सांगितलं होतंस म्हणे. मला हात धुवायला न देता तिनं खुर्चीत बसवलं, खुर्ची भिंतीपाशी सरकवली आणि बजावलं की आई, तू साक्षीदार आणि मी वकील, मी विचारीन तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, तुझं पुराण लावायचं नाही. सरांनी तरुणपणी चार प्रश्नांत एक साक्षीदार कसा निकालात काढला, ते ती माझ्यावर करून बघणार होती. ओढणी गाऊनसारखी खांद्यावर टाकून तिनं पहिला प्रश्न विचारला. तुम्ही सकाळी दारापुढं कोलम काढता? मी हो म्हटलं. मला वाटलं, आई समोर आहे म्हणून रांगोळीचं सोपं काहीतरी विचारते आहे. दुसरा प्रश्न, ठिपक्यांच्या कोलममध्ये एक ठिपका चुकला की सगळं बिघडतं, खरं ना? पद्मनाभ, मला त्याच क्षणी कळलं. हाताला कैरीचा ओलावा होता, तो गार लागायला लागला. मी हो म्हटलं. म्हणजे ठिपके मांडताना नजर जमिनीवरच ठेवावी लागते? हो. आणि चौथा प्रश्न तिच्या तोंडून निघायच्या आत मीच उत्तर देऊन मोकळी झाले, की हो, धडकेचा आवाज झाल्यावर मला गाडीची पाठ दिसत होती.

ऊर्मी बघतच राहिली. तिनं अजून गाडीचं नावही काढलं नव्हतं. हे तुला कसं माहीत, म्हणाली. मी उलट तिलाच तुझं पूर्ण नाव विचारलं आणि तिनं ते सांगितलं. आपणच आधी कधीतरी ही गोष्ट सांगितली असेल असं तिला वाटलं, कारण तुझं पारायण इतकं चाललेलं असतं की कधी काय बोललो हे तिच्याही लक्षात राहत नाही. मग ती ओट्याला टेकून तुझा वर्ग मला सांगू लागली. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची. ज्याचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही असा प्रश्न विचारायचा नाही. 'का' तर चुकूनही विचारायचं नाही, कारण 'का' म्हटलं की साक्षीदाराला दार उघडं मिळतं. आणि काम झालं की लगेच खाली बसायचं. सगळी कला म्हणे त्या खाली बसण्यात आहे. इथवर मी ऐकून घेतलं. सुताराला रंधा कसा धरायचा ते शिकवतात, तसं वकिलांना हे शिकवत असतील, असं म्हटलं.

पण पुढं तिनं तुझं एक वाक्य सांगितलं, आणि ते सांगताना तिचे डोळे चमकत होते, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. खोट्या साक्षीदाराला तोडायला घाम गाळावा लागतो, कारण तो प्रत्येक प्रश्नाला सावध असतो. खऱ्याला तोडणं सोपं, तो प्रत्येक खऱ्या गोष्टीला हो म्हणत जातो. असं तू शिकवतोस. मुलं लिहून घेतात. वर शेपूट काय, तर ती कोलमवाली बाई कोर्टाबाहेर स्वतः तुझ्याकडं आली, हसली, म्हणाली छान विचारलंस रे, आणि घरी नेऊन तुला फिल्टर कॉफी पाजली. ह्यावर म्हणे सगळा वर्ग हसतो, आणि तू दरवर्षी इथं थोडा थांबतोस. पद्मनाभ, कॉफी? त्या दिवसानंतर माझ्या घरचं पाणीसुद्धा तुझ्या घशाखाली गेलेलं नाही. साक्षीदार गेली खड्ड्यात, निदान कॉफी तरी खरी सांगायची होतीस.

तुझा वर्ग ज्या गोष्टीवर हसतो ती गोष्ट आता मी तुला सांगते. तुला ती माहीत आहे, पण माझ्याकडून तू कधी ऐकलेली नाहीस. मी मिरजेहून लग्न होऊन ह्यांच्या बँकेच्या बदलीबरोबर इथं आले तेव्हा मला तमिळमध्ये मीठसुद्धा मागता येत नव्हतं. वरच्या मजल्यावर तुम्ही. तुझ्या आईनं, विजयालक्ष्मीअम्मांनी, पहिल्याच आठवड्यात मला हाक मारली, आणि ती मराठीत आहे हे कळायला मला मिनिटभर लागलं. तुमची तंजावरची मराठी, दोन-तीनशे वर्षं इकडं मुरलेली, हेल तमिळ आणि शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे. मला रडूच आलं होतं. त्यांनी मला भाजीवाल्याशी भांडायला शिकवलं, रसम शिकवलं, आणि पहाटे फाटकापुढं सडा घालून ठिपके कसे मांडायचे ते शिकवलं. पुल्ली म्हणतात त्यांना, ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं. खरंच आहे ते, एक पुल्ली चुकली की सगळी रेघ फसते. मी तुला वर्तमानपत्र वाचायला शिकवलं, तू मला बस नंबर शिकवलेस. भाऊबीजेला मी तुला ओवाळायची. तू ओवाळणी घालायचा विसरायचास आणि अम्मा वरून येऊन तुझ्या पाठीत धपाटा घालायच्या.

वर्षभर मी ठिपक्यांचं कोलम काढायची, पण चैत्र लागला की नाही. चैत्रात मी माझ्या आईचं चैत्रांगण काढायची, आजही काढते, आज सकाळीही काढलं. फाटकापुढं गेरूनं सारवून पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, कासव, नाग, गाईची पावलं, तुळस, अंबारीचा हत्ती. त्यात ठिपका नसतो. एक एक चित्र सुटं काढायचं, काढून झालं की उठून दोन पावलं मागं जायचं, कमरेवर हात ठेवून बघायचं आणि मग पुढचं. हे तुला मी सांगायला नको. तू ऑफिसला निघताना त्याला वळसा घालून जायचास आणि रोज हत्तीची चेष्टा करायचास, की अक्का, हा हत्ती आहे की सोंड लावलेली म्हैस. अम्मा तर खास खाली उतरून बघायच्या. तुमच्या घरात पूर्वी हे काढायचे असं त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलं होतं, पण काढून कुणी दाखवलं नव्हतं. कैरीची डाळ वाटी वाटी खाऊन तू मला प्रत्येक चित्राचं नाव विचारून घेतलं होतंस. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. तू तर ते मोजून कोर्टात नेलेस.

कल्पना समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायची. रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, रोज सकाळी मांबलम स्टेशनकडं चालत जायची. नागपूरची, आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. चैत्रात ती जाता जाता मला रस्त्यापलीकडून हाक मारायची, अलके, आज काय काढलंस, आणि मी मान वर करून सांगायची. हा आमचा नेम. त्या दिवशी तिनं हाक मारली, मी मान वर केली, आज कासव, असं ओरडून सांगणार तोवर वळणावरून ती पांढरी गाडी आली. चांगलं उजाडलेलं होतं. गाडी कल्पनाच्या मागून आली, माझं तोंड गाडीकडं. स्टीअरिंगवर कोण होतं ते मी काचेतून सरळ पाहिलं. टी. नगरमधल्या त्या रेशमाच्या दुकानवाल्याचा धाकटा. त्याच्याच दुकानात गल्ल्यावर बसलेला मी त्याला कितीदा तरी बघितलेला. मग धडक, आणि मग गाडीची पाठ. थांबला नाही. कल्पनाचा पाय गुडघ्यापासून चेंदला गेला. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या हाताचा गेरू तिच्या कपाळाला लागला होता, ते पुसायचंही मला सुचलं नाही.

दुकानवाल्यानं सांगितलं, गाडी मुलगा नाही, ड्रायव्हर चालवत होता. ड्रायव्हरही हो म्हणाला, मालकाचं मीठ खाल्लेला, म्हणणारच. उंदराला मांजर साक्ष. उलट बोलणारी मी एकटी, कारण कल्पनाला धडक मागून बसलेली, चालवणारा तिला दिसलाच नव्हता. खटला उभा राहायला तीन वर्षं गेली आणि त्यांच्या मोठ्या वकिलाच्या हाताखाली तू लागला होतास. साक्षीदार मराठी आहे, तूही मराठी, तूच विचार, असं त्या वकिलानं तुला सांगितलं असणार. हे मी मागाहून ओळखलं. पिंजऱ्यात उभी राहून तुला पुढं येताना पाहिलं तेव्हा मला तर बरंच वाटलं होतं. म्हटलं, आपला पद्दू आहे, आता भीती नाही. तू मराठीत विचारलंस. दुभाष्या बाजूला बसून राहिला. माझ्याकडून शिकलेल्या मराठीत, अगदी गोड आवाजात, मला 'बाई' म्हणून विचारलंस. सकाळी कोलम काढता? हो. ठिपका चुकला तर? नजर कुठं ठेवता? गाडीची पाठ दिसली ना? मी प्रत्येक वेळी हो म्हटलं, कारण प्रत्येक वेळी ते खरं होतं. मी वाट बघत होते की आता तू विचारशील, पण अक्का, तो तर चैत्र होता ना. तू खाली बसलास. सरकारी वकील पुढच्या खटल्याचे कागद चाळत होता, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर मला सांगण्यात आलं की तुमचं झालं, खाली उतरा. निकालात लिहिलं की बाई प्रामाणिक आहेत, पण त्यांची नजर जमिनीवर होती.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्याजवळून गेलास. थांबला नाहीस. जाता जाता हळूच म्हणालास, परवाइल्ले, अक्का. काही बिघडलं नाही. कल्पनाचा पाय गेला, मुलगा सुटला, मी भर कोर्टात आंधळी ठरले, आणि काही बिघडलं नाही. ही तुझी कॉफी. निकाल लागला त्याच संध्याकाळी अम्मा खाली आल्या आणि मला म्हणाल्या, ते चैत्रांगण होतं हे तू का नाही सांगितलंस? मी म्हटलं, त्यानं विचारलं नाही. त्या दारातूनच वर निघून गेल्या. वर काय झालं ते मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही घर बदललंत. सामान उतरत असताना अम्मांनी माझ्या हातात त्यांची रांगोळीची पितळी डबी ठेवली. त्या गेल्याचं मला वर्षानं कुणाकडून तरी कळलं. तुला सांगते, मला तेव्हा तुझ्याकडं येऊन दोन शब्द बोलावेसे वाटले होते. आले नाही ते बरं झालं.

आता तू म्हणशील, अक्का, आरोपीलाही वकील लागतो, ते माझं कामच होतं. ते मला कळतं, मी काही अगदीच बावळट नाही. तू मला आडवं विचारायचं होतंस. उजाडलं होतं का, चष्मा आहे का, काचेवर ऊन पडलं असेल, मुलगा की ड्रायव्हर हे लांबून कसं ओळखलंत, दुकानवाल्याशी कधी भांडण झालं होतं का. झालंही होतं, ह्यांच्या बहिणीच्या शालूवरून. मी सांगितलं असतं. त्यातून मी अडखळले असते, मॅजिस्ट्रेटला माझा भरवसा वाटला नसता, तर मी घरी येऊन स्वतःलाच दोन शिव्या दिल्या असत्या आणि भाऊबीजेला तुला ओवाळलं असतं. पण तू मला काही विचारलंच नाहीस. जे झालं नव्हतं हे तुला पक्कं ठाऊक होतं, तेच तू माझ्या खरेपणाच्या विटा घेऊन बांधलंस. दुसऱ्या कुठल्याही वकिलानं ते प्रश्न विचारले असते तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला ठाऊक नाही. तू हत्तीची सोंड मोजलेली होतीस. आणि हे एकदा करून तू गप्प बसला असतास तर एक वेळ मी म्हातारपणी विसरलेही असते. तू ते शिकवतोस. दर वर्षी नवी पोरं बसवून त्यांना सांगतोस की खरं बोलणारा सापडला तर समजा तुमचं नशीब उघडलं. माझी पोरगी ते वहीत उतरवून घेते आणि मला विचारते, आई, आहे की नाही भारी?

कल्पनाचं काय झालं ते तू कधी विचारलंस? ती ह्याच गावात आहे. मुलाबरोबर, सिद्धार्थबरोबर राहते, तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, बघ नशिबाचा खेळ. तुझ्या ऑफिसपासून फार लांब नाही तिचं घर. काठी घेऊन चालते. निकालानंतर तिनं मला एकदाच विचारलं होतं, की मी तुला हाक मारली, तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझे डोळे बघितले, मग कोर्टात खाली बघत होते असं का म्हणालीस? मी म्हटलं, मी तसं म्हणालेच नाही. पण मग म्हणाले तरी काय, ते मला तिला सांगता येईना. माझं मलाच कळलं नव्हतं, चार खऱ्या उत्तरांतून हे खोटं कसं निघालं. तिला वाटलं, मला पैसे मिळाले. तोंडानं कधी म्हणाली नाही. फक्त तिळगूळ पोस्टानं यायला लागला. एका गावात राहून तिळगूळ पोस्टानं. इतकी वर्षं मी तो तोंडात टाकते आणि मला तो गोड लागत नाही.

रविवारी सकाळी उठून मी तिच्या घरी गेले. न कळवता. तिनं दार उघडलं आणि काठीवर रेलून उभीच राहिली, ये म्हणाली नाही. मी दारातच उभी राहून बोलायला लागले. ऊर्मीनं मला खुर्चीत कसं बसवलं, काय काय विचारलं, कोण शिकवतं, सगळं. जे मला तेव्हा समजलं नव्हतं ते ऊर्मीनं मला शिकवलं होतं, म्हणजे तूच म्हण ना. एका प्रश्नात एकच गोष्ट, 'का' विचारायचं नाही, आणि खाली बसायचं. कल्पना ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं इतकंच विचारलं, म्हणजे तू मान का वर केलीस, हे तुला कुणी विचारलंच नाही? मी म्हटलं, नाही. कुणीच नाही. मग ती बाजूला सरकली. आम्ही दोघी दुपारपर्यंत बसलो होतो, तिनं पिठलं केलं, तिखटजाळ, आणि मी तीनदा मागून घेतलं. तिथं मी रडले की नाही ते तुला सांगणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. ऊर्मीनं तुला फोनवर सांगितलं की माझी आई साक्षीदार म्हणून फार छान बसते, प्रश्नाच्या आधी उत्तर देते. तू हसून म्हणालास, मग शनिवारी आण त्यांना, सगळ्यांपुढं करून दाखवू. काल ऊर्मीनं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. मला 'हो' म्हणायची सवय आहेच. समोरच्या बाजूला आधी नोटीस द्यावी लागते, असं ऊर्मी म्हणते. तू मला दिली नव्हतीस, मी तुला देते आहे. शनिवारच्या आत ऊर्मीला बोलावून घे आणि तू स्वतः सांग, की ती कोलमवाली बाई कोण, तो चैत्र होता, दारात ठिपके नव्हते आणि हे तुला माहीत होतं. मी तिला काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ती आईची बाजू घेईल, तू सांगितलंस तर काहीतरी शिकेल. मग सोमवारी तुझ्याकडं यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल, मी मध्ये पडणार नाही. आणि नाही सांगितलंस, तर शनिवारी मी त्या खुर्चीत येऊन बसेन. तू तुझे चारही प्रश्न विचार. मी चारही वेळा हो म्हणेन, ते आजही खरंच आहे. मग तू खाली बसशील, मुलं हसायला लागतील, आणि पुढच्या रांगेतून काठी टेकत कल्पना उठेल. पाचवा प्रश्न ती विचारणार आहे. अलके, तू मान का वर केलीस? आणि मी तिला सांगेन, तू हाक मारलीस म्हणून.

तुझी, निदान शनिवारपर्यंत,
अलका अक्का